बी साइड अम्माची होती

माझ्या बावन्नाव्या वाढदिवसाला मुलीने मला एक एलपी भेट दिली, तेव्हा धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. तिची काही चूक नव्हती. त्या रेकॉर्डचं कौतुक ऐकतच ती मोठी झाली आहे. दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटवर पाहुणे आले, बिर्याणी झाली, चहा झाला, की मी त्या गिटारिस्टवर घसरणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. बायको तर तेवढ्यात कप गोळा करायला उठते.

गिटारिस्ट इंग्रज. साठचं दशक संपता संपता तिकडची पोरं अमेरिकेतल्या काळ्या गायकांचे ब्लूज ऐकून खुळी झाली होती, गल्लीगल्लीत बँड निघत होते, त्या गर्दीतलाच हा एक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे उभा राहून वाजवलं. फोटोत कायम कडेला, अर्धा खांदा कापलेला. स्वतःच्या नावावर एकच रेकॉर्ड काढली, ती कुणी घेतली नाही, आणि मग हा माणूस दिसेनासाच झाला. गळा बेताचा. पण गिटार अशी की एखादा सूर तो बोटाने वर ढकलत नेतो आणि तिथेच धरून ठेवतो, उकळी आलेल्या दुधाखालचा गॅस कुणी बंद करत नसावं तशी आपली घालमेल होते. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं तर मध्येच थांबतं. संपलं असं वाटतं. आणि मग तो परत येतो.

हे सगळं मी जबल अलीच्या फ्री झोनमधल्या आमच्या ऑफिसातही ऐकवत असतो. आमचा मॅनेजर ब्रिटिश होता, आता रिटायर होऊन परत गेला. त्याला पहिल्यांदा हे नाव सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. रत्नागिरीच्या एका खेड्यातल्या माणसाला हा गिटारिस्ट माहीत असावा, हे त्याला खरंच वाटेना. कुठे सापडला तुला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पोरवयात माझा मीच शोधून काढला. त्या दिवशी मी घरी जाताना गाडीत शीळ घालत होतो.

आता खरं काय ते सांगतो.

माझे अब्बा याच जबल अलीच्या बंदरावर क्रेन चालवायचे आणि करामा भागातल्या एका खोलीत आठ जणांत राहायचे. मी गावात, अम्माजवळ. फोन गावात एकच आणि तोही बहुतेक वेळा मेलेला. पत्र लिहायचा अब्बांना कंटाळा, वाचायला अम्माला येत नसे. म्हणून आमच्याकडे, आणि आमच्या बाजूच्या बहुतेक घरांत, कॅसेटी यायच्या. रजेवर येणारा कुणीतरी बॅगेतून घेऊन यायचा. कॅसेट आली की घरातले, शेजारचे, सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसायचे. "तुमी सगली खुशाल असाल, मी हय मजेत हाय," अशी सुरुवात व्हायची. मग एकेकाचं नाव घेऊन सलाम. मग कौलं फिरवा, बकरी विकू नका, पोराच्या अभ्यासाकडे बघा. ही झाली ए साइड.

बी साइड बायकोची. हे कुणी कधी ठरवलं ते मला माहीत नाही, पण गावभर हाच रिवाज होता. ए साइड संपली की म्हातारी माणसंसुद्धा गुडघ्यावर हात टेकून उठायची, कुणी काही बोलायचं नाही, आणि त्या घरची बाई टेपरेकॉर्डर उचलून आत घेऊन जायची. अम्मा दार लावायची आणि डोक्यावरून गोधडी घ्यायची, टेपरेकॉर्डरसकट. अर्ध्या तासाने बाहेर यायची ती थेट चुलीपाशी. तिच्या तोंडाकडे बघायचं नाही एवढं आम्हा पोरांनाही कळायचं.

मी सतरा वर्षांचा होतो त्या वर्षी अम्माला मुलगी झाली आणि चार दिवसांत गेली. अम्मा जेवेनाशी झाली. अब्बांना रजा मिळाली नाही. महिन्याभराने कॅसेट आली. अम्माला वाचता येत नसल्यामुळे ती प्रत्येक कॅसेटच्या डबीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायची. हिला हिरवा बांधला. त्या खेपेला ती गोधडीतून लवकर बाहेर आली नाही.

जूनमध्ये मी कॉलेजला मुंबईला निघालो. हॉस्टेलवर राहायचं होतं. हिरव्या दोऱ्याच्या ए साइडला अब्बांनी मला बरंच काही सांगितलं होतं: मन लाव, वाईट पोरांत बसू नको, पैशाला लाजू नको, लागला तर माग. अम्माने ती कॅसेट माझ्या पेटीत कपड्यांच्या मध्ये ठेवली. बापाचा आवाज जवळ असला म्हणजे पोरगा बिघडायचा नाही, असा तिचा हिशेब. म्हणाली, "उन्हाल्यात परत आन. आन दुसरी बाजू लावू नको."

मी म्हटलं, "नाय लावणार."

हॉस्टेलवर आमच्या मजल्यावर एक सीनियर होता. त्याचे मामा बोटीवर, त्यांनी कुठल्याशा बंदरावरून आणलेली ही रेकॉर्ड एका रविवारी त्याच्याकडे आली. संध्याकाळी परत द्यायची होती. आम्ही पाच-सहा जण त्याच्या खोलीत बसलो आणि मी पहिल्यांदा ते वाजवणं ऐकलं. तोवर मला हिंदी सिनेमातली गाणी आणि गावातल्या लग्नातली गाणी यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. हे मला हवं होतं, आत्ताच्या आत्ता, आणि माझं म्हणून हवं होतं. सीनियर म्हणाला, कॅसेट आण, टेप करून देतो.

कोरी कॅसेट खालच्या नाक्यावर मिळत होती. खिशात पैसेही होते. पण जिना उतरून जायचं, परत यायचं, तोवर कुणीतरी दुसरा नंबर लावायचा. मी पेटी उघडली.

चुकून झालं असं म्हणायलाही मला जागा नाही. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकचे दोन छोटे दात असतात. ते मोडले की वर काही टेप होत नाही. अब्बा ते मोडूनच पाठवायचे. मी वहीचा कागद फाडला, दोन बोळे केले आणि त्या खाचांत नीट कोंबले. रेकॉर्डची पहिली बाजू ए साइडवर गेली, दुसरी बी साइडवर. अम्माने लावू नको म्हणून सांगितलेली बाजू मी लावली नाही, तेवढा शब्द पाळला. न ऐकताच तिच्यावर गिटार चढवली.

रेकॉर्डची बाजू वीस मिनिटांची आणि कॅसेटची तीस मिनिटांची, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ए साइडला अब्बांचं बोलणं पंधरा मिनिटांतच संपलं होतं, तिथे काही उरलं नाही. पुढच्या रविवारी दुपारी माझ्या खोलीत सगळे जमले, मी मोठ्या ऐटीत कॅसेट लावली. शेवटचं गाणं थांबलं, परत आलं, शेवटचा सूर विरत गेला. आणि मग नळाचं पाणी बादलीत ठिबकायला लागलं.

"म्हणून सांगतंय," माझे अब्बा म्हणाले, "उपाशी बसू नको. माज्या वाटचा पन तूच खा."

आठ जणांच्या खोलीत एकांत म्हणजे बाथरूम. अब्बांनी बी साइड तिथे बसून टेप केली होती. आवाज घुमत होता. आवाज कापत होता. मध्ये कुणीतरी दार ठोकून ओरडत होतं, "यल्ला भाई, खलास करो!" एवढं ऐकून पोरं जी हसायला लागली ती थांबेनात. एक जण कॉटवरून खाली पडला. दुसऱ्याने विचारलं, "कोण रे हा?"

मी म्हणालो, "काय माहीत. जुनी कॅसेट घेतली होती चोरबाजारातून. असेल कुणीतरी गावठी."

आणि मीही हसलो.

इथे थांबलो असतो तरी कदाचित स्वतःला तोंड दाखवता आलं असतं. थांबलो नाही. बाथरूमवाला आमच्या मजल्यावर गाजला. शेजारच्या खोल्यांतली पोरं गाण्यासाठी नाही, गाण्यानंतरच्या त्या माणसासाठी यायची. मेसमध्ये कुणी जास्तीची पोळी घेतली की दुसरा ओरडायचा, "माज्या वाटचा पन तूच खा!" आणि ही नक्कल सगळ्यात चांगली कोण करायचं? मी. साहजिक होतं. आवाज तोच, आमच्या बोलीतला 'ळ'च्या जागचा 'ल' तोच, गळा दाटला की 'खा' म्हणताना येणारी ती फट तीच. पोरं म्हणायची, काय हुबेहूब करतोस यार. ती चार दिवसांची मुलगी, न जेवणारी अम्मा आणि रजा न मिळालेला माणूस, हे सगळं मला माहीत होतं. जोडायला एक क्षण पुरला असता. मी तो क्षण येऊच दिला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅसेट घरी नेली. अम्माने मागितली, मी दिली. म्हटलं, वर थोडी गाणी टेप झालीत, हॉस्टेलच्या पोरांनी केलीन. तिने कॅसेट हातात फिरवली, कागदाचे बोळे बघितले, बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिली. मी दिवसभर खाडीवर पोहायला. जूनमध्ये डब्यातून ती परत काढून मी मुंबईला नेली. मला गिटार हवी होती. तिला ती कॅसेट लागत असेल असं माझ्या मनातही आलं नाही. सगळं पुसल्यावर उरलेल्या तेवढ्या तुकड्याचं ती काय करणार, असं मी धरून चाललो.

त्या पावसाळ्यात अब्बांना रजा मिळाली. मुंबईला उतरून आधी मला भेटणार आणि मग गावी जाणार, असा निरोप आला. ते माझ्या मजल्यावर आले, नुसतं "कसा हाय?" म्हणाले, तरी सगळी पोरं आवाज ओळखणार होती. ते यायच्या आदल्या दुपारी मी दार लावून घेतलं, काहीही न जोडता रेकॉर्डचं बटण दाबलं आणि उरलेली दहा मिनिटं कोरी करून टाकली. पुरावा गेला. दुसऱ्या दिवशी अब्बा आले तेव्हा मी त्यांना फाटकावरच गाठलं. वर पालकांना परवानगी नाही म्हणून सांगितलं. ते फाटकाशी उभे राहून माझ्याशी वीस मिनिटं बोलले, हातातली चॉकलेटांची पिशवी माझ्याकडे दिली. "सगल्या पोरांना वाट," म्हणाले. मी वाटली. पोरांनी विचारलं, कुणी दिली? मी म्हटलं, आमच्या गावचा एक माणूस आला होता.

अब्बांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांना यातलं काही कळलं नाही.

अम्मा इकडे माझ्याकडे आली तेव्हा बॅगेत कपडे थोडे आणि तो बिस्किटांचा डबा. माझ्या मुलीला तो खजिनाच वाटला. ती इथेच जन्मली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते, आणि आजोबांचा आवाज म्हणजे तिच्यासाठी मोठीच गोष्ट. तिने कुठूनसं एक मशीन मागवलं आणि सगळ्या ए साइड कम्प्युटरवर घेतल्या. बी साइडला हात लावायच्या आधी तिने अम्माला विचारलं. विचारलं! अम्मा नाही म्हणाली. मग मुलीने आपले मोठे हेडफोन अम्माच्या ओढणीवरून तिच्या कानांवर बसवले, बटण दाबलं आणि खोलीतून बाहेर निघून आली. दार लावून. मी हॉलमध्ये बसून हे बघत होतो आणि मला वर मान करवत नव्हती.

एक दिवस अम्माने डबा उलटा केला. "हिरव्या दोऱ्याची खय हाय?"

"ती दमट हवेने खराब झाली अम्मा. टाकून दिली," मी म्हटलं. ती माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. अजूनही.

तर वाढदिवस. रविवारची दुपार होती, घरात आम्ही चौघंच. कुठल्याशा छोट्या कंपनीने ती रेकॉर्ड पुन्हा काढली होती. मुलीने लंडनहून मागवली, बरोबर रेकॉर्ड प्लेअरही आणला. "पप्पा, धिस इज द वन, राइट? युअर गाय!" तिचे डोळे चमकत होते. मी म्हटलं, हो, हीच. दुसरं काय म्हणणार? अम्मा सोफ्यावर बसून कोथिंबीर निवडत होती. तिला काही या आवाजाचं पडलेलं नसणार, असं मी समजत होतो.

पहिली बाजू झाली. अम्माची कोथिंबीर चालू होती. मुलीने रेकॉर्ड उलटली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सुरू झालं आणि अम्माचे हात थांबले. मला वाटलं, कान दुखले असतील. मी म्हटलं, आवाज कमी करू का? तिने हातानेच नको म्हटलं. ती रेकॉर्ड प्लेअरकडे बघत होती. संथ गाणं आलं, त्यात गिटार वर चढायच्या नेमकी आधी तिने मान किंचित उचलली. पुढच्या गाण्यातही तसंच. मला काही कळेना.

शेवटचं गाणं मध्ये थांबलं. मुलगी टाळ्या वाजवत उठली, सुई उचलायला हात पुढे केला.

"थांब गो," अम्मा म्हणाली. "अजून हाय. तो परत येतो."

तो परत आला. मुलगी अवाक. बायको माझ्याकडे बघायला लागली. आता पुढे काय होणार ते मला माहीत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. शेवटचा सूर लांबत गेला, विरला. सुई नुसती फिरत राहिली, खर खर. अम्मा पुढे झुकली होती. वाट बघत होती. आणि कुणाकडेही न बघता ती हळूच म्हणाली,

"म्हणून सांगतंय, उपाशी बसू नको."

मुलगी खळखळून हसली. "दादी, हू इज हंग्री? वुई जस्ट हॅड बिर्याणी!" तिला काय ठाऊक? पण ते हसू ऐकून मला ती हॉस्टेलची खोली आठवली आणि मी जवळजवळ ओरडलोच, "हसू नको."

अम्मा म्हणाली, "तू खाडीवर गेलास का मी लावायची. रोज. फुडं पलवायची भीती वाटायची, पट्टी तुटली तर? मग सगला ऐकायचा, पयल्यापासून. हा थांबायचा, परत यायचा, संपायचा. मग ते यायचे." तिने कोथिंबिरीची एक काडी उचलली. "फुडच्या उन्हाल्यात तू आनलीस तवा लावली. तर नव्हते."

"मीच पुसला, अम्मा."

"माहीत हाय."

तीसहून जास्त वर्षं माहीत होतं. मी त्या इंग्रजाचं कौतुक पाहुण्यांना सांगायचो, तेव्हाही ती याच सोफ्यावर बसलेली असायची. कुणी दखल न घेतलेला मोठा कलावंत म्हणून मी गळा काढायचो, आणि तिच्यासमोर. मला स्वतःची किळस आली. तिने रागाने काही म्हणावं असं वाटत होतं. तिने ओढणीचं टोक हातात घेतलं, सोडलं.

"मला इतकाच आठवतो," ती म्हणाली. "नंतर काय ते म्हणायचे? तुला माहीत असंल. तू पन ऐकलास ना?"

ऐकलं होतं. बायको आणि मुलगी बघत होत्या. मी तोंड उघडलं आणि हॉस्टेलनंतर इतक्या वर्षांनी तो आवाज काढला. मेसमध्ये काढायचो तोच. तोच 'ल', तोच दाटलेला गळा, 'खा'मधली तीच फट.

"माज्या वाटचा पन तूच खा."

अम्माने डोळे मिटले. कोथिंबिरीची काडी तिच्या हातात तशीच होती. "तसाच," ती म्हणाली. "अगदी तसाच बोलायचे." मग डोळे न उघडताच तिने विचारलं, "आन फुडं?"

पुढचं मला येत नव्हतं. त्या जागी आम्ही हसत होतो.